फायबरचा प्लॅन ३०० चा, हाती ९४: दवाखाना, घर आणि मांगर जोडताना

प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणजवळ जांभ्याच्या चिऱ्यांचं जुनं घर, त्यावर स्लॅब टाकून चढवलेला मजला. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. अंगणापलीकडे सत्तर फुटांवर मांगर, त्यात औषधांचा साठा, आणि आता तिथे कॅमेरे बसवायचेत. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, राउटर दवाखान्याच्या काउंटरखाली. लॅपटॉप राउटरला केबलने जोडला तरी वेग ९४ च्या पुढे सरकत नाही, वर मुलांच्या खोलीत जेमतेम १०-१२ मिळतो, मांगरात रेंजच नाही. दुकानदार म्हणतो वायफाय ६ चा तीन नगांचा मेश (एकमेकांशी जोडून घरभर वायफाय पसरवणारे डबे) घ्या, वायरमन म्हणतो कॅट ७ जातीची नेटवर्क केबल ओढा. कोणाचं ऐकायचं, आणि राउटर, स्विच, ॲक्सेस पॉइंट यांत फरक काय?

दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे, वायरमनचंही अर्धंच. बरीच वर्षं दवाखाने, शाळा, लॉज, पतसंस्था यांची नेटवर्कं उभी करतोय, आणि माझा नियम साधा आहे: जी वस्तू जागची हलत नाही तिला केबल द्यायची. कॉम्प्युटर, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा आणि खुद्द वायफायचे डबेसुद्धा. हवा मोबाइल-लॅपटॉपसाठी राखायची. पण आधी तुमचं ९४ बघू, कारण ते कदाचित शे-दीडशे रुपयांतच सुटेल.

हा आकडा फार बोलका आहे. ईथरनेटचा, म्हणजे केबलवरच्या नेटवर्कचा, वेग गिअरसारखा पायऱ्यांनी बदलतो: १०, १००, १०००. मधलं काही नाही (२५०० वगैरे नंतर आलं). केबलची दोन टोकं आपसात ठरवतात आणि एका पायरीवर थांबतात. १०० च्या पायरीवर तारेतून जाणाऱ्या प्रत्येक पूर्ण पॅकेटला (डेटाच्या तुकड्याला) १५३८ बाइटची जागा लागते, त्यातले १४४८ बाइट तुमच्या कामाचे. उरलेले पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पॅकेटांमधली सक्तीची विश्रांती. १४४८ भागिले १५३८, गुणिले १००: उत्तर ९४. म्हणून सकाळ असो की रात्र, स्पीड टेस्ट ९३-९४ ला येऊन भिंतीला लागल्यासारखी थांबत असेल, तर कंपनीला फोन करू नका. प्लॅन ठीक आहे. तुमच्याच घरात कुठेतरी एक जोड १०० वर अडकलाय.

तो कुठे असू शकतो? पहिला संशयित राउटर स्वतः. खोक्यावर ‘एसी १२००’ छापलेल्या कित्येक स्वस्त राउटरांचे मागचे पोर्ट १०० चेच असतात. ते १२०० आलं कुठून? २.४ गिगाहर्ट्झवरचे कागदावरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७, बेरीज ११६७, तिला गोल करून १२००. एका मोबाइलला दोन्ही एकदम मिळत नाहीत, आणि बाहेरून पाणी येणारा नळच १०० चा असेल तर आत हजाराची टाकी बांधून उपयोग काय? खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट पोर्ट’ असं शोधा. नुसतं ‘१०/१००’ असेल तर तो राउटर ३०० च्या प्लॅनसाठी बाद.

दुसरा संशयित केबल. १०० साठी आठपैकी चारच तारा लागतात, दोन जोड्या. १००० साठी चारही जोड्या, आठही तारा. त्यामुळे क्रिंपिंग करताना, म्हणजे केबलला प्लग दाबून बसवताना, एखादी तपकिरी किंवा निळी तार नीट बसली नाही, तर नेट बंद पडत नाही. उपकरण बऱ्याचदा गुपचूप १०० वर उतरतं आणि काम चालू ठेवतं. कोणाला पत्ताही लागत नाही. तिसरा संशयित फायबरवाल्याचा ओएनयू, म्हणजे फायबर ज्यात येऊन संपते तो डबा: काही मॉडेलांत एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० चे. तारेची जागा बदलली की काम झालं.

विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ईथरनेटवर क्लिक केलंत की ‘लिंक स्पीड’ दिसतो. तिथे १०००/१००० यायला हवं. लॅपटॉप आधी थेट ओएनयूला, मग राउटरला, एकेक केबल बदलत लावून बघा. अर्ध्या तासात गुन्हेगार सापडतो. लॅपटॉपचा स्वतःचा पोर्टही १०० चा असू शकतो बरं का, जुन्या स्वस्त मॉडेलांत असायचा.

आता कोण काय करतं ते. फायबर येऊन संपते तो ओएनयू. तो प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करतो. आपल्याकडे घरोघरी आलेली बहुतेक फायबर जीपॉन पद्धतीची आहे: एका धाग्यावर खाली येताना सुमारे २.५ गिगाबिट, वर जाताना सव्वा, आणि ते वाटेतल्या स्प्लिटरमधून अनेक घरांत वाटलेलं. राउटर म्हणजे तुमचं घर आणि बाहेरचं जग यांच्यातला नाका. आतल्या सगळ्या उपकरणांना तो १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देतो आणि बाहेर सगळ्यांच्या वतीने एकाच पत्त्यावरून बोलतो. स्विच पोर्ट वाढवतो, एवढंच. पण हुशारीने: कोणत्या पोर्टवर कोणाचा मॅक पत्ता (उपकरणाचा कायमचा ओळख क्रमांक) आहे हे तो आलेल्या पॅकेटांवरून शिकतो आणि ज्याचं त्याला नेऊन देतो. ॲक्सेस पॉइंट तारेतलं हवेत सोडतो आणि हवेतलं तारेत. दुकानात ‘वायफाय राउटर’ म्हणून मिळतो त्या डब्यात हे तिघंही कोंबलेले असतात, म्हणून सगळा घोळ होतो.

यातून लक्षात ठेवायचं ते एवढं: घरात राउटर एकच हवा, ॲक्सेस पॉइंट लागतील तितके. जुना राउटर पडून असेल आणि वर वापरायचा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडा. तो पर्याय नसेल तर त्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला आणि खालून आलेली केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या) पोर्टमध्ये न घालता लॅन (घरातल्या) पोर्टमध्ये घाला. हे केलं नाही तर घरात दोन नाके होतात: वरच्या मजल्यावरून खालचा प्रिंटर दिसत नाही, कॅमेऱ्याचं ॲप रुसतं. आणि एकाच स्विचमध्ये केबलची दोन्ही टोकं चुकूनही घालू नका. साध्या स्विचमध्ये पॅकेट गोल गोल फिरत वाढत जातात आणि मिनिटभरात अख्खं नेटवर्क ठप्प. साफसफाईनंतर ‘सगळं नेट गेलं’ असा फोन आला की मी आधी हेच विचारतो.

वरच्या खोलीत १०-१२ का मिळतात, त्याचं उत्तर तुमच्या घराच्या बांधणीत आहे. जांभ्याची भिंत जाड असते, शिवाय सच्छिद्र, म्हणजे पावसाळ्यात ओल धरते, आणि पाणी या लहरी पितं. वर स्लॅबमध्ये लोखंडाची जाळी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, पण असल्या दोन अडथळ्यांत तिचा दम सुटतो. २.४ ची लहर पोचते, पण तिथे आधीच गर्दी: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल मोजून तीन, १, ६ आणि ११. राउटरचा चॅनेल यांपैकीच एक ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच. ४० केलंत की स्वतःचं फार वाढत नाही, शेजाऱ्याचं मात्र बिघडतं. शिवाय काउंटरखाली, लोखंडी ड्रॉवरशेजारी ठेवलेला राउटर म्हणजे आधीच हात बांधलेले. तो वर, मोकळ्या जागी हवा.

वायफायचा दुसरा स्वभावदोष म्हणजे एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. बाकीचे थांबतात, शांतता झाली की पुढचा. गंमत म्हणजे ईथरनेटही जन्माला आलं तेव्हा असंच होतं. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते मांडलं, तेव्हा सगळी यंत्रं एकाच जाड केबलवर टांगलेली असायची आणि कल्पनेचं मूळ हवाई बेटांवरच्या ‘अलोहानेट’ या रेडिओ नेटवर्कमध्ये होतं. पुढे प्रत्येकाला स्वतंत्र वायर आणि मध्ये स्विच आला, दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलता येऊ लागलं, आणि तारेवरचं हे थांबणं संपलं. हवेत ते संपलेलं नाही. म्हणून राउटरवर ८६७ लिहिलं असलं तरी त्याच खोलीत प्रत्यक्ष हाती निम्मं-पाऊण येतं, आणि कोपऱ्यातला एखादा जुना, दुबळ्या रेंजचा मोबाइल हळूहळू बोलत बसला की सगळ्यांचाच वेळ खातो.

मेशचं अर्धसत्य इथेच आहे. तीन डबे हवेतूनच एकमेकांशी जोडलेले असतील, तर मधला डबा तेच पॅकेट ऐकतो आणि पुन्हा बोलतो. दोन पट्ट्यांच्या स्वस्त मेशमध्ये एका टप्प्यात वेग साधारण अर्धा होतो, आणि तुमच्या स्लॅबमधून तो टप्पा पार करायचा म्हणजे अर्ध्याचाही अर्धा. पण तेच डबे केबलने जोडलेत तर उत्तम चालतात. म्हणजे मेश घ्या, हरकत नाही. आधी खालून वर एक केबल न्या. केबल गेली की दोन साधे ॲक्सेस पॉइंटही तेच काम करतील आणि तिसऱ्याचे पैसे वाचतील.

वायफाय ६ हवंच का? हे सोपे आकडे वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये आणले. त्याआधी ८०२.११एन, एसी, एएक्स अशी अक्षरं होती. ती अनुक्रमे आता ४, ५, ६. दोन अँटेनांच्या मोबाइलला ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर वायफाय ५ मध्ये कागदोपत्री ८६७ मिळतात, ६ मध्ये १२०१. तुमच्या ३०० ला दोन्ही पुरेसे. ६ चा खरा फायदा बाहेरच्या बाकावर वीस पेशंट मोबाइल काढून बसतात तेव्हा, कारण तो एकाच वेळेच्या तुकड्यात अनेकांना थोडं थोडं वाढतो. नवीन घेताना ६ घ्या, ५ चा चालू असलेला फेकू नका. वायफाय ७ मध्ये मोठं आकर्षण ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचं. आपल्याकडे त्याचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, घरात कमी ताकदीने परवान्याशिवाय वापरू देण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. पण जांभ्याच्या एका भिंतीपलीकडे ती लहर फारशी उरणार नाही, तेव्हा तुमच्या घरासाठी तो खर्च मी सांगणार नाही.

आता वायरमनचं कॅट ७. कॅट ५ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली, कॅट ६ २५० पर्यंत, कॅट ६ए ५०० पर्यंत. कॅट ७ ला टीआयए या अमेरिकी उद्योगसंघटनेच्या मानकात जागाच नाही, आणि ती ज्या मानकातली आहे त्यात तिचा कनेक्टर आपला नेहमीचा आरजे-४५ नाही. बाजारात आरजे-४५ लावून ‘कॅट ७’ म्हणून विकतात ते बहुतेक नावापुरतंच. वर तिच्या आवरणाला नीट अर्थिंग हवं, ते घरगुती कामात कोणी करत नाही. तुम्ही साधी, आवरण नसलेली कॅट ६ घ्या. गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं (भिंतीतली ९० आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे प्लग लावलेल्या तयार छोट्या केबली, मिळून १०), आणि उद्या १० गिगाबिट हवं झालं तरी घराएवढ्या अंतरात कॅट ६ ते पेलते.

खरी फसवणूक कॅटच्या आकड्यात नसते, धातूत असते. ३०५ मीटरचं खोकं अर्ध्या किमतीत मिळालं तर ती हमखास सीसीए: आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली की परत करा. खोकं उचललं तरी कळतं, तांब्याचं चांगलंच जड लागतं. सीसीएचा विद्युतरोध जास्त, त्यामुळे तारेतून वीज पाठवली की ती गरम होते आणि टोकाला व्होल्टेज पडतं. शिवाय कोकणच्या दमट हवेत जोड गंजून दोन-चार वर्षांत तीच ‘९४’ ची दुखणी सुरू होतात.

ओढताना: विजेच्या २३० व्होल्टच्या पाइपमध्ये लॅन केबल अजिबात घालू देऊ नका, ‘काय होत नाही’ असं वायरमन कितीही म्हणाला तरी. स्वतंत्र २५ मिलिमीटरचा पाइप, प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन केबल आणि आत एक ओढायची तार सोडून ठेवा. भिंतीत बॉक्स बसवून केबल कीस्टोनवर (भिंतीतल्या सॉकेटवर) संपवायची, तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड. भिंतीतून लोंबणाऱ्या जाड केबलला प्लग ठोकला की वर्षभरात हलून तुटतो. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही, कारण एका जोडीचा आवाज दुसरीत जाऊ न देण्याचं काम तो पीळच करतो. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी मुद्दाम फोडलेली असते. काही जण ‘सरळ’ म्हणून जोडीला जोडी लावतात. आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर त्यालाही पास करतो, कारण तो फक्त तार पोचली का एवढंच बघतो, आणि प्रत्यक्षात लिंक रडत चालते.

मांगरासाठी मात्र तांब्याची केबल नको. अंतर सत्तर फूट, म्हणजे एकवीस मीटर, कॅट ६ ला सहज झेपेल, पण दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं आणि तुमच्याकडे मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस दोन्ही विजा घेऊन येतात. जवळपास वीज पडली की त्या तारेतून झटका येतो आणि दोन्ही टोकांचे स्विच, कधी डीव्हीआरही, एकदमच जातात. अंगणातून फायबर न्या. काचेतून वीज वाहत नाही. केबल निवडताना ताणाला धरणारी काडी लोखंडाची नसून फायबरग्लासची आहे ना ते बघा. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल जोडणारे डबे. एका धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीनेच येतात, एक ज्या रंगलहरीवर बोलतो त्यावर दुसरा ऐकतो. दोन ए आणलेत तर लिंक कधीच लागणार नाही. जोडकाम गावातल्या फायबरवाल्याच्या स्प्लायसिंग मशीनवर होतं. हिरवा कनेक्टर निळ्यात खुपसू नका, त्यांची टोकं वेगवेगळ्या कोनात घासलेली असतात.

मांगरातल्या कॅमेऱ्यांना पीओई स्विच द्या, म्हणजे वीज आणि डेटा एकाच केबलने. मानकं तीन: एएफ (२००३, पोर्टला १५.४ वॅट), एटी (२००९, ३० वॅट), बीटी (२०१८, ९० वॅटपर्यंत). कॅमेऱ्याला एएफ पुरतो, छतावरच्या वायफाय ६ च्या ॲक्सेस पॉइंटला बहुधा एटी लागतो. स्विचची एकूण वॅट बघा: आठ पोर्ट आणि एकूण ६० वॅट असेल तर आठही पोर्टना ३० मिळणार नाहीत. कॅमेऱ्यांसाठी मिळणाऱ्या स्वस्त पीओई स्विचचे पोर्ट अनेकदा १०० चे असतात. कॅमेऱ्याला त्यापेक्षा कितीतरी कमी लागतं, त्यामुळे मांगरात तो चालेल, पण घरातला ॲक्सेस पॉइंट त्यावर लावलात तर पुन्हा ९४. आणि ‘पॅसिव्ह’ २४ व्होल्टवाला इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा डबा) ज्या उपकरणासोबत आला ते सोडून दुसऱ्या कशालाच लावू नका. खरा पीओई आधी समोरच्याला चाचपतो आणि मगच वीज सोडतो, हा न विचारता सोडतो.

घरातली मुख्य पेटी, म्हणजे ओएनयू, राउटर आणि आठ पोर्टचा गिगाबिट पीओई स्विच, वरच्या मजल्यावर न्या. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना याचं कारण सांगायला नको. ओएनयू हलवायला फायबरवाल्यालाच बोलवा, धागा स्वतः वाकवू नका. तिथून खाली रिसेप्शन, तपासणीची खोली आणि दवाखान्याच्या छतावरचा ॲक्सेस पॉइंट. वर टीव्ही, मुलांचं टेबल, दुसरा ॲक्सेस पॉइंट. पेटी एका यूपीएसवर टाकलीत की वीज गेली तरी दोन्ही मजल्यांचं वायफाय चालू राहतं, कारण ॲक्सेस पॉइंटची वीजही तिथूनच जाते. दोन्ही ॲक्सेस पॉइंटना नाव आणि पासवर्ड एकच, चॅनेल वेगळे. ताकद पूर्ण न ठेवता मध्यम ठेवा. कोणत्या डब्याला चिकटायचं ते मोबाइल ठरवतो, आणि खालचा डबा फार ओरडत असेल तर तो जिना चढून वर आला तरी त्यालाच धरून बसतो.

पेशंटना वायफाय द्यायचं असेल तर नुसतं ‘गेस्ट’ चालू करून थांबू नका. घरगुती डबे ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये गेले की बऱ्याच मॉडेलांत गेस्टचं वेगळेपण निघून जातं आणि बाकावरच्या माणसाला तुमचा पेशंटच्या नोंदींचा कॉम्प्युटर दिसू शकतो. व्हीलॅन (त्याच तारांवर एकमेकांपासून वेगळी नेटवर्कं) येणारा स्मार्ट स्विच, तसेच ॲक्सेस पॉइंट आणि व्हीलॅन कळणारा राउटर घ्या, दवाखाना, घर आणि पाहुणे असे तीन भाग पाडा, कॅमेरे घराच्याही बाहेर चौथ्या भागात. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३. हे व्हीलॅनचं काम वायरमनकडून होणार नाही, त्यासाठी नेटवर्कवाल्या माणसाला अर्धा दिवस बोलवा, आणि तो जाताना राउटरचा ॲडमिन पासवर्ड त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.